जुनी गिटार आणि नवें रोगण

आमच्या एका वाचक भगिनींनीं पत्रानें विचारिलें आहे कीं, त्यांच्या कैलासवासी दिरांनीं अमेरिकेंत घेतलेली एक जुनी 'मार्टिन' गिटार तेथेंच पुतण्याकडे पडून आहे. तिला नवें रोगण देऊन ती इकडे आणावी असा घरांतील वडील मंडळींचा विचार आहे, तो योग्य कीं कसें? आमचें उत्तर स्पष्ट आहे. रोगणाच्या डब्यास हात लावूं नये.

जुन्या भांड्यास कल्हई, जुन्या दागिन्यास उजाळा, ही आपली रीत खरी. परंतु या वाद्याचा बाजार उलट चालतो. मूळ रोगण खरवडून नवें दिलें, तर काम कितीही सुबक असो, किंमत सुमारें निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ठोकताळा आहे. दुरुस्तीची गोष्ट निराळी. तारांच्या ताणानें मान पुढें झुकते, ती उतरवून पुन्हा बसवावीच लागते. जवारी काढून घेतल्यानें तंबोरा खोटा ठरतो काय? बदललेल्या जुन्या खुंट्या मात्र जपून ठेवाव्या.

पुतण्यास प्रथम आंत डोकावून पाहावयास सांगावें. मान पेटीस मिळते तेथील आंतल्या ठोकळ्यावर अनुक्रमांक असतो. पेनसिल्व्हानियांतील नाझरेथ गांवच्या या कारखान्यानें १८९८ सालीं ८००० पासून क्रमांक घालण्यास आरंभ केला. त्यावरून साल कळतें. 'डी-२८' जातीची गिटार असेल तर १९४४ पूर्वीची विशेष मोलाची, कारण तिच्या पोटांतील आधारपट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत व वरची फळी मोकळेपणीं घुमे. दुसरी सीमा १९६९ ची. तोंपर्यंत या जातीच्या पाठीस ब्राझीलचें शिसव असे. पुढें हिंदुस्थानचें आलें. आपल्याकडील शिसवाची गिटार वाईट वाजते असें कोणीं सिद्ध केलेलें नाहीं, तरी ग्राहक ब्राझीलच्या नांवावरच पैसे ओततात!

२०२० सालीं एका मार्टिनला साठ लाख डॉलरांवर किंमत आली, असें पुतण्यानें कळविलें आहे म्हणे. ती कर्ट कोबेन या गायकानें १९९३ सालीं वाजविलेली होती. त्या आंकड्यावरून घरच्या गिटारीचा हिशेब मांडूं नये.

इकडे आणण्याचें म्हणाल, तर ब्राझीलचें शिसव १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वयें संरक्षित आहे. योग्य परवान्यावांचून अशी गिटार सरहद्दीवर जप्त होऊं शकते. म्हणून आधीं साल व लाकूड ठरवावें, मग कागदपत्रें करावीं. आणि कारागिरास काम सांगून झालें असल्यास, आमचा अंक हातीं पडतांच पुतण्यास दूरध्वनि करावा.