जीपचं हूड जीपचाच रंग खातंय? बारामती-इंदापूरच्या धुळीत नेमकं काय होतं

बारामती आणि इंदापूरच्या पट्ट्यात वरात असो, सरपंचाची विजयी मिरवणूक असो नाहीतर गणपती विसर्जन, उघडी जीप लागतेच. कार्यक्रम ठरला की हूड उतरवायचं, कार्यक्रम संपला की परत चढवायचं. परदेशातल्या लोकांची कन्व्हर्टिबल म्हणजे लाल रंगाची दोन सीटची स्पोर्ट्स कार, आपल्याकडची कन्व्हर्टिबल म्हणजे महिंद्राची जीप. एमएम ५४०, कमांडर, मेजर आणि आता नवी थार.

या जुन्या जीपांपैकी कुठलीही जवळून पाहा. बॉनेट चकाचक असतं, मडगार्ड ठीक असतं, पण मागच्या टबच्या वरच्या कडेला, जिथे हूडाचं कापड टेकतं, तिथला रंग उडालेला असतो. आधी चकाकी जाते, मग प्रायमर दिसतो आणि एक-दोन पावसाळ्यात तिथे तांबूस ठिपके येतात. गाडी वाचवायला घातलेलं हूडच गाडीचा रंग घालवतं, असा हा उलटा मामला आहे.

एवढ्याशा गोष्टीची चर्चा आत्ताच का, तर जुनी गाडी ठेवणं महाग झालंय म्हणून. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. कारसाठी ही फी पूर्वी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने नवा नियम आणला आणि २० वर्षांवरच्या हलक्या वाहनांसाठी ती थेट १०,००० रुपये केली. त्यावर जीएसटी वेगळा. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी गाड्यांना पर्यावरण कर आहेच. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी नंबरप्लेट बसवायची सक्ती झाली, त्यासाठी मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली तेही सगळ्यांनी पाहिलं. ‘१० वर्षांची डिझेल गाडी बंद’ हा जो मेसेज ग्रुपवर फिरतो तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागातला आहे, एमएच-४२ च्या गाडीला तो लागू नाही. तरीही एवढे पैसे भरून जो माणूस जुनी जीप ठेवतो, त्याच्यासाठी पत्रा टिकणं हा हौसेचा विषय राहत नाही. इंजिन बांधून मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, टायर मिळतात. कारखान्यातून आलेला मूळ रंग मात्र एकदा गेला की गेला.

आता मूळ मुद्दा. कापड मऊ असतं, मग त्याने रंग कसा घासतो? तर कापड घासतच नाही. घासते ती कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकलेली धूळ. दख्खनची माती बेसाल्ट खडकापासून तयार झालेली आहे. त्या खडकातलं फेल्डस्पार हे खनिज कठीणपणाच्या मोजपट्टीवर ६ च्या आसपास येतं, म्हणजे साधारण काचेला टक्कर देणारं. गाडीचा रंग त्याच्यापुढे खूपच मऊ. हूडाच्या कडेखाली असे कण जाऊन बसले की गाडी ६० च्या वेगाला गेल्यावर वाऱ्याने कापड थडथडतं आणि प्रत्येक थडथडीला पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं. इंदापूरहून बारामतीला जाईपर्यंत हे हजारो वेळा घडतं.

त्यात हा भाग पर्जन्यछायेतला. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे वर्षातले आठ महिने धुरळा. इथली माळरानं इतकी खडकाळ आणि कोरडी की दुष्काळ, उष्णता, क्षारपड जमीन अशा ताणांचा अभ्यास करणारी केंद्राची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगाव खुर्दला मुरमाड जमिनीवरच उभी राहिली. गेल्या काही वर्षांत भर पडली ती रस्त्यांच्या कामांची. संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या, म्हणजे पाटसवरून बारामती, इंदापूरकडे जाणाऱ्या ९६५ जी महामार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झालं. रस्ता झाला की सोय होते, पण काम चालू असताना मुरूम उडतो तो सगळ्यांच्याच गाडीवर बसतो.

आणि मग गळीत हंगाम. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा भीमा, एवढे साखर कारखाने एका पट्ट्यात. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटले की चिमणीतून भुस्सा जळल्याची काजळी येते. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती दिसते म्हणून बायका ओरडतात. हूडाच्या घडीत ती दिसत नाही, म्हणून कुणी ओरडत नाही.

गंमत अशी की या तालुक्याचं साखरेशी आणि मोटारीशी नातं एकाच माणसामुळे जुळतं. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना काढला, त्याभोवती वालचंदनगर वसलं. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली, जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या. उघड्या गाडीच्या बाबतीत मात्र गावांनी महिंद्रालाच मत दिलं. १९४७ पासून मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात झाली आणि कॅनव्हासचं हूड तिच्यासोबत लष्करी घराण्यातूनच आलं.

नुसती धूळ नाही, पाणी आणि प्लास्टिकही

हूडाच्या कडेची दुमडलेली शिवण पावसाचं पाणी धरून ठेवते. वरून कापड वाळलेलं दिसतं, खाली शिवण दोन दिवस ओली असते. रंगाला आधीच बारीक ओरखडे पडलेले असतील तर हे पाणी सरळ पत्र्यापर्यंत पोचतं. गंज तिथून सुरू होतो.

रेक्झिनच्या हूडाची तऱ्हा वेगळी. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखे पदार्थ मिसळलेले असतात. एप्रिल-मेच्या उन्हात ते हळूहळू बाहेर येतात, आणि रेक्झिन महिनोन्‌महिने एकाच जागी रंगाला चिकटून राहिलं तर जुना रंग मऊ पडतो, त्यावर डाग उमटतो. शेडमध्ये उभ्या गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री टाकणाऱ्यांचाही अनुभव हाच. घाम बाहेर जायला वाट नसते.

तिसरं कारण लोखंडाचं. हूडाच्या कमानी, पट्ट्याची बक्कल, पट्ट्याचं मोकळं सुटलेलं टोक. हे टोक चालत्या गाडीत टबवर आपटत राहतं आणि एकाच जागी नाण्याएवढा खड्डा पाडतं. वरातीसाठी घाईत हूड पाडलं आणि कमानी तशाच पत्र्यावर टेकवल्या की एका संध्याकाळीत काम तमाम!

परदेशातल्या जुन्या कन्व्हर्टिबलवाल्यांची रडकथा याहून फार वेगळी नाही. ब्रिटनच्या एमजी गाड्यांचं हूड खाली केल्यावर त्यावर जे आवरण ओढतात, तेही मागच्या पत्र्यावर फडफडून रंग घासतं. मर्सिडीजने साठच्या दशकातल्या ‘पगोडा’ मॉडेलमध्ये हूड घडी करून पत्र्याच्या झाकणाखाली लपवलं. जीपला ती ऐट परवडण्यासारखी नव्हती.

मग फिल्म लावली की झालं?

सध्या रील्सवर याचं एकच उत्तर मिळतं, पीपीएफ. रंगावर चिकटवायची ही पारदर्शक फिल्म मुळात व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांची कड वाळूने झिजू नये म्हणून वापरात आली. म्हणजे काम तिचं हेच. नव्या थारला, कारखान्याच्या रंगावर, हूड टेकतं त्या अरुंद पट्टीपुरती ती लावली तर उत्तम. अख्ख्या गाडीला लावायची गरज दुकानदाराला जास्त असते.

जुन्या जीपचं मात्र तसं नाही. तिच्यावर दोन-तीनदा स्प्रे मारलेला असतो, मध्ये कुठेतरी लांबी भरलेली असते. अशा रंगावर फिल्म चिकटवली तर पुढे काढताना ती रंगाचा पापुद्राही सोबत घेऊन येते. ताज्या रंगावर लगेच लावली तरी घोळ होतो, कारण रंग आतून पूर्ण वाळायला काही आठवडे लागतात.

बरेच जण नमदा चिकटवतात. रंगावर नमदा लावणं ही त्यातल्या त्यात वाईट युक्ती, कारण नमदा धूळही धरतो आणि पाणीही. मऊ अस्तर लावायचंच तर ते हूडाच्या कडेला आतून शिवून घ्यावं आणि तेही काढून धुता येईल असं. रंगाची बाजू गुळगुळीत राहिली पाहिजे. कुशनवाल्याकडे हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. बक्कलमागे चामड्याचा तुकडा आणि पट्ट्याचं टोक अडकवायला एक लूप, हे त्याच वेळी करून घेता येतं. हूड सैल झालं असेल तर ते ताणून बसवणं याहून महत्त्वाचं. जे थडथडत नाही ते घासत नाही.

खरा फरक पडतो तो धुण्याने. जीप धुताना हूडावर पाइप मारला जातो, हूडाची कड उचलून खाली कुणी पाणी सोडत नाही. तिथेच आधी भरपूर पाणी सोडावं, कण वाहून जाऊ द्यावेत, मग ओल्या मऊ फडक्याने पुसावं. रोज सकाळी कोरडं फडकं झटकून गाडी पुसायची आपल्याकडची सवय या धुळीच्या भागात हूडापेक्षा जास्त नुकसान करते. कॅनव्हास डिटर्जंटने धुऊ नये, त्याचं पाणी अडवणारं मेण निघून जातं. आणि ओलं हूड घडी करून ठेवलं की बुरशी ठरलेली.

रंग गेलाच असेल तर त्याच रंगात पुन्हा रंगवायला अडचण नाही. रंग बदलायचा असेल तर मात्र आरसी बुकावर नोंद लागते, कारण गाडीचा रंग तिथे लिहिलेला असतो. हिरव्या जीपला मॅट काळा मारून मोकळं होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

ज्यांची जीप ५० वर्षांपलीकडची आहे त्यांच्यासाठी जुलै २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे. २०,००० रुपये भरून १० वर्षांची नोंदणी, पुढे ५,००० रुपयांत नूतनीकरण आणि नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. रंग मूळचाच हवा असं नियम म्हणत नाही, पण जुन्या गाड्यांचा गिऱ्हाईक आधी तेच बघतो. शिवाय व्हिंटेज नंबरची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल-डिझेल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. भाड्याच्या वरातीचा तर प्रश्नच नाही.

म्हणजे अशी जीप बहुतेक वेळ शेडमध्येच उभी राहणार, हूड चढवलेलं, कडेखाली गेल्या हंगामाची काजळी तशीच. अशा गाडीचं हूड पावसाळ्याआधी उतरवून, झटकून, वेगळं टांगून ठेवावं, टब धुऊन कोरडा करावा आणि वरून सुती चादर टाकावी. दुसऱ्या माणसाची मदत घेतली तर हे सगळं एका सकाळचं काम आहे.