‘किरकोळ’ गुन्हा किती किरकोळ?

व्यापारी घराण्यांचा कल वाद मिटवण्याकडे असतो. प्रसंगी थोडे नुकसान सोसावे, पण कोर्टाची पायरी चढू नये, ही शिकवण पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्याकडे कायदाही तिला काही अंशी साथ देतो. धनादेश न वटल्याचा खटला उभय पक्षांच्या तडजोडीने मिटू शकतो. शिक्षण, नोकरी वा व्यवसायासाठी अमेरिकेत गेलेल्या मुलामुलींना मात्र हीच सवय महाग पडू शकते. तेथे फौजदारी खटला सरकारच्या नावे चालतो. दुकानदाराने उदार मनाने क्षमा केली, तरी खटला मागे घ्यायचा की नाही, हे सरकारी वकीलच ठरवतो.

अमेरिकेत गुन्ह्यांचे मुख्य वर्ग दोन : ‘मिसडिमीनर’ म्हणजे सौम्य आणि ‘फेलनी’ म्हणजे गंभीर. ही विभागणी मूळची इंग्लंडची. खुद्द तेथे ती १९६७च्या कायद्याने रद्द झाली. आपल्याकडील दखलपात्र व अदखलपात्र हा भेद पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येते की नाही, यावर उभा आहे. अमेरिकेतील भेद शिक्षेच्या कमाल मर्यादेवर ठरतो. सर्वसाधारणपणे एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असलेला गुन्हा मिसडिमीनर, त्याहून अधिक कैदेस पात्र असलेला फेलनी. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली, हा प्रश्न वेगळा.

ही सीमारेषा प्रत्येक राज्य स्वतः आखते. दीड हजार डॉलरच्या वस्तूची चोरी न्यूयॉर्कमध्ये फेलनी ठरते, कारण तेथील मर्यादा १,००० डॉलरची आहे. टेक्सासमध्ये ती मर्यादा २,५०० डॉलर असल्याने तीच चोरी मिसडिमीनर राहते.

व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी एक बाब रोकडीची आहे. १०,००० डॉलरपेक्षा अधिक रोख भरणा झाला की बँकेला सरकारकडे त्याचा अहवाल द्यावा लागतो. अहवाल देणे ही नित्याची बाब आहे; त्यात भरणाऱ्यावर कसलाही ठपका नसतो. परंतु तो टाळण्यासाठी गल्ल्यातील रक्कम मुद्दाम तुकड्यातुकड्यांनी भरणे ही फेलनी असून तीस पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसा कष्टाचा आहे, कर भरलेला आहे, हा बचाव तेथे चालत नाही.

मग सौम्य गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळे व्हावे काय? अमेरिकेच्या नागरिकाला कदाचित ते परवडेल. व्हिसाधारकाचे, इतकेच नव्हे तर ग्रीन कार्डधारकाचेही, गणित निराळे आहे. स्थलांतराचा कायदा राज्याने लावलेल्या नावावर थांबत नाही. १९९६च्या दुरुस्तीनंतर चोरीबद्दल एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली, तर ती स्थगित असली आणि राज्याच्या लेखी गुन्हा मिसडिमीनर असला, तरीही तो त्या कायद्यापुरता ‘तीव्र फेलनी’ गणला जाऊ शकतो. परिणाम देशाबाहेर रवानगी. एका दिवसाचे हे मोल ओळखूनच कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये मिसडिमीनरची कमाल शिक्षा एक वर्षावरून ३६४ दिवसांवर आणली.

होजे पडिया यांचा खटला या बाबतीत उद्बोधक आहे. होंडुरासमध्ये जन्मलेले हे गृहस्थ चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेचे कायम रहिवासी होते. व्हिएतनाम युद्धात त्यांनी अमेरिकेच्या सैन्यात सेवा बजावली होती. गांजाच्या वाहतुकीच्या खटल्यात ‘इतकी वर्षे येथे आहात, काळजी नको’ अशा वकिलाच्या आश्वासनावर विसंबून त्यांनी गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीचे संकट ओढवले. २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असल्यास अशिलाला त्याची कल्पना देणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे.

म्हणून परदेशातील मुलाचा घाबराघुबरा फोन आला, तर ‘दंड भरून मिटवून टाक’ हा सल्ला वडीलधाऱ्यांनी देऊ नये. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी फौजदारी वकिलाबरोबरच स्थलांतर कायद्याच्या जाणकार वकिलाचाही सल्ला घेण्यास त्याला सांगावे. दंडाची रक्कम दोनशे डॉलर असेल. कबुलीची किंमत त्या पावतीवर छापलेली नसते.