सहाव्या रात्रीची सटवाई

बाळ जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडतात, त्यावर हळदकुंकू वाहतात, शेजारी विळा नाहीतर सुरी ठेवतात. कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. दिवा रात्रभर विझू देत नाहीत आणि घरातलं कुणीतरी जागं राहतं. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, ही समजूत. कुठे याला पाचवी म्हणतात, कुठे सटी. पण महाराष्ट्रात हा विधी जातीपातीच्या बहुतेक भिंती ओलांडून पसरलेला आहे. कागद आणि लेखणी कशाला, हे कुणीही सांगेल. विळा कशाला, आणि रात्रभर जागायचं कशासाठी, याचं उत्तर मात्र नशिबाच्या गोष्टीतून मिळत नाही. जी फक्त लिहायला येणार आहे, तिच्या वाटेवर लोखंड ठेवण्याचं कारण नाही. लोखंड ठेवतात ते काहीतरी हिरावून नेणाऱ्यासाठी. या जुन्या भीतीच्या मुळाशी एक खराखुरा आजार आहे, नवजात बाळाचा धनुर्वात, असं मला वाटतं आणि त्यामागची कारणं आज मांडायची आहेत.

रोग आणि दैवत यांचं नातं आपल्याकडे नवीन नाही, लपलेलंही नाही. पटकीची साथ आली की गावाच्या वेशीवर मरीआईचा गाडा निघे. ज्या रोगाने चेहऱ्यावर व्रण राहत, त्याला मराठीने नावच ‘देवी’ दिलं, इतकं की लस टोचण्यालाही लोक ‘देवी काढणं’ म्हणत. तिथे कुठला रोग कुठल्या देवतेत गेला हे शोधायची गरजच नाही. सटवाईचं तसं नाही. मरीआईच्या नावात मरी आहे; सटवाईच्या नावात फक्त दिवस आहे. षष्ठी, सटी, सटवी. रोगाचा उल्लेख नाही, लक्षणांचा नाही, उरलेला आहे तो केवळ आकडा. त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना जास्त जपून बोलावं लागतं. कारण दंतकथेमागे रोग शोधण्याचा छंद भल्याभल्यांना फसवून गेला आहे.

त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे युरोपातलं रक्तपिपासू प्रेत, व्हॅम्पायर. १९८५ मध्ये कॅनडातले रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड डॉल्फिन यांनी पॉर्फिरिया या दुर्मीळ आनुवंशिक विकाराशी त्याचा संबंध जोडला. त्याच्या काही प्रकारांत उन्हाने कातडी भाजते, हिरड्या आक्रसून दात मोठे दिसतात. व्हॅम्पायरही उन्हाला भितो, त्याचेही सुळे लांब. वर्तमानपत्रांना ही कल्पना फार आवडली. अडचण एवढीच की खेड्यापाड्यांतल्या मूळ कथांतलं प्रेत उन्हात जळून जात नव्हतं. ते दृश्य १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या चित्रपटाने रूढ केलं. म्हणजे शास्त्रज्ञाने रोगाचं नातं जोडलं ते लोककथेशी नव्हे, सिनेमाशी. शिवाय इतका दुर्मीळ विकार गावोगावच्या भीतीला पुरेल कसा? या चुकीत खरी किंमत मोजावी लागली ती रुग्णांना. आजाराशी झगडणाऱ्या माणसांच्या कपाळी विनाकारण राक्षसाचा शिक्का बसला.

त्याच व्हॅम्पायरची दुसरी एक हकिगत मात्र कसोटीला उतरते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या एक्झिटर गावी ब्राउन कुटुंबातली आई १८८३ मध्ये आणि थोरली मुलगी १८८४ मध्ये क्षयाने गेली. जानेवारी १८९२ मध्ये मर्सी ही एकोणीस वर्षांची मुलगी गेली. भाऊ एडविन खंगत चालला होता. घरातलंच कुणी मेलेलं माणूस जिवंतांचं सत्त्व शोषतंय, असं शेजाऱ्यांनी ठरवलं. मार्चमध्ये प्रेतं बाहेर काढली. मर्सीचा देह ताजा दिसला, कारण ती गेली होती ऐन हिवाळ्यात. तिचं हृदय जाळून राख भावाला पाजली. तो मे महिन्यात गेला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला त्याला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. इथे रोग सर्रास आढळणारा आहे, त्याच गावात, त्याच घरात आहे, आणि कथेतला सगळ्यात विचित्र तपशील, म्हणजे प्रेत आधी आपल्याच माणसांना धरतं हा, क्षयाच्या संसर्गाने उलगडतो. एका छपराखाली झोपणाऱ्यांना क्षय एकामागून एक गाठतो. मला कसोटी हीच वाटते: रोग त्या प्रदेशात नेहमीचा हवा, कथा तिथल्या लोकांनी सांगितली तशी घ्यायला हवी, आणि एरवी अडून बसलेला एखादा तपशील त्या रोगाने सुटायला हवा.

सटवाईच्या बाबतीत अडून बसलेला तपशील म्हणजे सहावा दिवस. आता धनुर्वाताचं वेळापत्रक पाहू. त्याचा जंतू मातीत आणि गुरांच्या शेणात राहतो. वर्षानुवर्षं तग धरणारी त्याची बीजं कुठल्याही अंगणात असतात. नाळ विळ्याने, बांबूच्या धारदार कामटीने किंवा हाताशी असेल त्या पात्याने कापली आणि वर राख किंवा शेण लावलं, की ती बीजं नेमकी त्या ओल्या जखमेत शिरतात. तिथे हवा पोचत नाही, जंतू वाढतो, त्याचं विष मज्जातंतूंतून वर चढतं. हे सगळं व्हायला काही दिवस लागतात. बहुतेक बाळांत लक्षणं चौथ्या ते चौदाव्या दिवसांत, सरासरीने सातव्या दिवसाच्या आसपास दिसतात. बाळ पिणं सोडतं, जबडा आवळतो, मुठी घट्ट होतात, अंग धनुष्यासारखं ताठतं. नुसत्या आवाजाने, स्पर्शाने, उजेडाने झटके येतात. उपचाराविना त्यातून जवळजवळ कुणी वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटना या आजाराची जी व्याख्या करते ती वाचताना अंगावर काटा येतो: पहिले दोन दिवस नीट पिणारं आणि रडणारं बाळ तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसांत पिऊ शकेनासं होतं आणि ताठरतं किंवा त्याला झटके येतात. आधी सगळं चांगलं होतं, मग कुणीतरी येऊन गेलं. आजी नातसुनेला जे सांगत आली त्याचा घाट हाच आहे.

यावर कुणी म्हणेल, बाळं तर पहिल्याच दिवशी सर्वांत जास्त दगावतात, मग भीतीने पहिली रात्र का नाही धरली? प्रश्न रास्त आहे, आणि मला तो माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. पहिल्या दिवशी जाणारं बाळ दिवस न भरलेलं असतं, गुदमरलेलं असतं, रडलेलंच नसतं. त्या मृत्यूचं कारण डोळ्यांना दिसतं. तिथे कुणा अदृश्य पाहुणीची गरज लागत नाही. पण अंगाने भरलेलं, आईच्या छातीशी झोंबणारं, ज्याच्या नावाने शेजारीपाजारी साखर वाटून झाली आहे असं बाळ सहाव्या-सातव्या दिवशी एकाएकी तोंड मिटतं, तेव्हा ‘का’ हा प्रश्न घर सोडत नाही. त्यातही त्याच सुईणीने, त्याच विळ्याने शेजारच्या घरातली नाळ कापलेली असते आणि ते मूल खेळत असतं. जखम बोटभर, दिवस उलटून गेलेले. कापण्याचा आणि मरण्याचा संबंध कुणाच्या ध्यानात यावा? दोन सारखी बाळं, एक राहतं, एक जातं, आणि दिसणारा फरक काहीच नाही. अशा ठिकाणी ‘लिहिलेलं होतं’ याहून नेमका शब्द त्या बायकांकडे असू शकत नव्हता. कपाळावरच्या लेखाची कल्पना या भीतीतूनच जन्मली असं मी म्हणणार नाही. ती या भीतीला येऊन चिकटली आणि घट्ट बसली, एवढं म्हणतो.

जास्त वजनदार आक्षेप धर्मेतिहासाच्या अभ्यासकांचा आहे. सहा हा आकडा कार्तिकेयाच्या, म्हणजे स्कंदाच्या घरचा. त्याला सहा तोंडं, सहा कृत्तिका त्याच्या आया, षष्ठी ही त्याची तिथी. महाभारताच्या वनपर्वात लहान मुलांना पीडणारे ग्रह आणि मातृका त्याच्याच परिवारातल्या. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त, म्हणजे सातव्या शतकात, राजपुत्राच्या जन्मानंतर षष्ठीचा जागर झाल्याचा उल्लेख येतो. मग आकडा पुराणातून उतरला असं म्हणून का थांबू नये? माझं उत्तर असं की दैवत कुठून आलं आणि भीती कुठून आली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. षष्ठीचं रूप, तिचं नातंगोतं पुराणांनी दिलं, यात वाद नाही. पण ज्या बेटावर ना स्कंद ठाऊक होता ना षष्ठी, तिथेही हाच आठवडा भीतीचा होता. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचं बेट आहे. एकोणिसाव्या शतकात एका मोठ्या काळात तिथे जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक धनुर्वाताने गेली, आणि बेटावरच्या लोकांनी त्या आजाराला नाव दिलं होतं ‘आठ दिवसांचा आजार’. ती ईश्वराची इच्छा, असं लोक धरून चालत. तिथले धर्मोपदेशक अँगस फिडीस ग्लासगोला जाऊन निर्जंतुक प्रसूतीची पद्धत शिकून आले, आणि १८९१ नंतर हे मरण थांबलं. दैवत नसतानाही आकडा तिथे उगवला. आपल्याकडे आकडा आणि दैवत एकमेकांना भेटले असावेत.

आपल्या वैद्यांनी तर या भीतीकडे फार बारकाईने पाहिलं होतं. सुश्रुताने बाळाला धरणारे नऊ ग्रह सांगितले. त्यांतल्या स्कंदग्रहाने धरलेलं मूल छाती नाकारतं, त्याचं तोंड वाकडं होतं, मुठी आवळतात. यावरून तो धनुर्वातच होता असा निकाल मी देणार नाही, बाळाला झटके आणणारी इतर कारणंही आहेत. पण ग्रह म्हणून वर्णिलेलं काहीतरी रुग्णाच्या अंथरुणाशी बसून पाहिलेलं होतं, हे स्वच्छ दिसतं. आणि चरकाने नाळ सोन्याच्या, रुप्याच्या किंवा पोलादी धारदार शस्त्राने कापायला सांगितली होती. तो नियम राजवाड्यापर्यंत पोचला असेल. गोठ्याशेजारच्या खोलीत विळाच राहिला. ज्या जातीचा विळा सटवाईला अडवायला पाट्याशी ठेवायचा, त्याच जातीच्या विळ्यावरून ती आत येत होती. या एका गोष्टीपाशी माझं मन पुन्हा पुन्हा अडखळतं.

मोहाची एक जागा मात्र टाळायला हवी. झोपेतलं तान्हं मूल हसलं की ‘सटवाई हसवतेय’ म्हणतात, आणि धनुर्वातात ओठ ताणले जाऊन चेहऱ्यावर हसल्यासारखी मुद्रा उमटते. दोन्ही जोडून टाकावं असं कुणालाही वाटेल. पण निरोगी बाळंही झोपेत सहज हसतात, आणि ते वाक्य घरोघर कौतुकानेच बोललं जातं. जुळणारं सगळं जोडलं तर आपणही पॉर्फिरियाच्या वाटेने जाऊ.

हे सगळं म्हणजे श्रद्धेची चिरफाड, असंही काहींना वाटेल. मला उलट वाटतं. सूक्ष्मदर्शक नाही, नोंदवही नाही, आणि तरी पिढ्यान् पिढ्यांच्या आयांनी आणि सुईणींनी धोक्याचा आठवडा अचूक हेरला, त्याच्या उंबरठ्यावर जागता पहारा बसवला. जंतू सापडला १८८४ मध्ये, आर्थर निकोलायर यांना. बायकांनी वेळ ओळखली होती, वाट ओळखता आली नाही, आणि त्याची किंमत भयंकर होती: लिहिलेलं म्हटलं की पातं उकळायचं कुणाला सुचत नाही. १९८८ मध्येसुद्धा जगात ७,८७,००० नवजात बाळं या एका आजाराने गेल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. मग गरोदर बाईला धनुर्वाताची लस, स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, नाळेला काही न लावणं, आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांनी चित्र पालटलं. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहूनही कमी रुग्ण.

बाळ दवाखान्यातून घरी येतं आणि पाचवीला पाटा-वरवंटा आजही मांडला जातो. तो मांडू द्यावा. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. मला घाई आहे ती दुसऱ्या गोष्टीची. ज्या सुईणींनी हा आजार स्वतःच्या हातांवर पाहिला, त्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. लोकसाहित्याच्या संग्राहकांनी त्यांच्याकडून गाणी घेतली, ओव्या घेतल्या. पिणं सोडलेल्या बाळाला त्या काय म्हणत, नाळेला काय लावत आणि कोणत्या दिवशी त्यांना हायसं वाटे, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायला फार वर्षं उरलेली नाहीत.