वाईट सिनेमांची रात्र

गणेशोत्सवात गिरगाव-लालबागच्या गल्ल्यांमध्ये पांढरा पडदा बांधून सिनेमे दाखवत. पडद्यामागे बसणाऱ्यांना नायक डावखुरा दिसे, तरी जागा सोडून कोणी उठत नसे. मित्रांना जमवून रात्रभर वाईट सिनेमे पाहायचे असतील, तर तीच हौस हवी. आणि निवड नीट हवी.

नुसता कंटाळवाणा सिनेमा चालत नाही. तो मनापासून केलेला आणि तरीही फसलेला हवा. राजकुमार कोहलींचा २००२ सालचा ‘जानी दुश्मन : एक अनोखी कहानी’ घ्या. सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, मनीषा कोईराला एवढा ताफा, आणि सूड उगवणारा, रूपे बदलणारा नाग म्हणजे दिग्दर्शकाचाच मुलगा अरमान. बापाची माया फ्रेमाफ्रेमांत दिसते. रात्रीची सुरुवात याने करावी. ओळखीचे चेहरे असले की नवखा मित्रही लगेच रमतो.

मध्यरात्रीनंतर कांति शाहांचा ‘गुंडा’ (१९९८). यातले खलनायक यमकांत बोलतात, त्यामुळे पेंगणारेही जागे होतात. संवाद मात्र अश्लील आहेत, घरात मुले असतील तर लावू नये.

रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) मी या यादीत घालणार नाही. त्यातला सैतान सामरी आजही घाबरवतो.

मुद्दाम वाईट केलेले सिनेमे तर अजिबात नकोत. त्यांत कोणाचा जीव अडकलेला नसतो.