पैठणीचे नाव कोणाच्या नावावर?

बाजारात 'सेमी पैठणी' या नावाने यंत्रमागाची साडी खुलेआम विकली जाते. ती थांबत नसेल तर तिला रीतसर परवाना द्यावा आणि मोबदला विणकराला मिळवून द्यावा, असे एखादा व्यवहारी माणूस म्हणेल. आमच्या मते हा सौदा विणकराच्या मुळावर येणारा आहे.

संगणकाच्या धंद्यात हा प्रयोग होऊन गेला आहे. 1981 मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक आणला. त्यातली कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची होती आणि ती इतरांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला होता. हुबेहूब नकला करणारे कारखाने उभे राहिले, संगणक स्वस्त झाला, मायक्रोसॉफ्ट गडगंज झाली. आयबीएमने मात्र 2005 मध्ये हा धंदा लेनोवोला विकून टाकला. अ‍ॅपलनेही 1995 च्या सुमारास आपली प्रणाली इतर उत्पादकांना दिली. नवे गिऱ्हाईक फारसे वाढले नाही, अ‍ॅपलचेच गिऱ्हाईक फुटले. 1997 मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी हे परवाने बंद केले.

यातून काय दिसते? नकलेचा परवाना त्याला परवडतो, जो नावावर किंवा प्रणालीवर जगतो. जो वस्तू बनवून जगतो, तो बुडतो. प्रणालीची दुसरी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पैठणीची दुसरी प्रत काढायला विणकराला पुन्हा तितकेच दिवस मागावर बसावे लागते. पदरावरचा मोर, मुनिया धागा धागा गुंतवून विणावे लागतात, म्हणून खऱ्या पैठणीची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात. मग विणकर कोणत्या बळावर स्पर्धा करणार?

कायद्यानेही हा मार्ग बंद केला आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. 1999 च्या मानांकन कायद्याचे कलम 24 सांगते की असा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, त्याचा परवानाही देता येत नाही. हे नाव कोणा एका शेटजीचे नाही. त्या भागात ती वस्तू बनवणाऱ्या सर्वांचे आहे.

यंत्रमागावर राबणारा कामगार आमचा शत्रू नव्हे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत तोही पोटासाठीच राबतो. गरीब घरच्या बाईलाही मोराचा पदर मिरवावासा वाटतो, त्यात गैर काय? ती साडी जरूर विकावी, पण 'यंत्रमागाची साडी' म्हणून विकावी. फसवणूक नावात आहे, कापडात नाही.

मात्र खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे. कायद्याच्या कलम 17 नुसार उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करता येते. पण उत्पादक म्हणजे कोण? रेशीम आणि जर उधार देऊन मजुरीवर विणून घेणारा व्यापारी, की मागावर बसलेला माणूस? नोंद व्यापाऱ्याच्या नावे झाली, तर नक्कल थांबूनही विणकर मजूरच राहणार!

म्हणून पैठण असो वा येवले, आमची मागणी साधी आहे. नोंद मागावर बसणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या नावे व्हावी, त्यासाठी अधिकाऱ्यांनी त्यांच्या दारी जावे आणि साडीच्या चिठ्ठीवर दुकानाबरोबर विणकराचेही नाव छापावे. ज्याचे हात, त्याचे नाव. आणि ज्याचे नाव, त्याचा हक्क!