मालकी पावतीपुरती, मुखत्यारी कंपनीची

ग्राफिक्स कार्डाचे पैसे मोजणारा त्याचा मालक होतो, असा समज आहे. वस्तुतः तो मालक ठरतो की कूळ, हे कार्ड चालविणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, कोणाच्या ताब्यात आहे यावर अवलंबून असते.

एन्व्हिडियाचे उदाहरण बोलके आहे. लिनक्सवरील कार्यकर्त्यांनी या कंपनीच्या कार्डांसाठी ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर स्वकष्टाने उभारला. २०१४ साली आलेल्या जीटीएक्स ९७० व ९८० पासून कंपनीने कार्डातील फर्मवेअरवर स्वतःची सही सक्तीची केली. मात्र गती वाढविण्यास लागणारे सहीचे फर्मवेअर नूवोला दिलेच नाही. त्यामुळे ही कार्डे व त्यानंतरची १००० मालिका नूवोवर आरंभीच्या मंद गतीनेच चालतात. दाम पूर्ण, काम अपुरे! २०२२ साली कंपनीने ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, तोही नव्या कार्डांपुरता. जुन्यांसाठी ५८० ही आपल्या ड्रायव्हरची अखेरची शाखा, असे तिने २०२५ साली जाहीर केले. धडधाकट यंत्र भंगारात काढण्याचा अधिकार विक्रेत्याच्या हाती राहतो, तो असा.

ग्राहकाला मोकळीक दिली तर तो कार्ड जाळून घेईल, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. एएमडीचा मुक्त ड्रायव्हर २०१५ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तापमान, पंख्याचे फेरे, वीजखर्च हे सारे तो साध्या फायलींतून उघड करतो. ‘लॅक्ट’ व ‘कोअरकंट्रोल’ ही मुक्त साधने त्याच वाटेने विजेची मर्यादा घटवितात, पंख्याची चाल ठरवितात. अतितप्त झाल्यास कार्ड स्वतःच गती उतरविते. उलट वीज थोडी कमी दिली की उष्णता, आवाज आणि बिल तिन्ही उतरतात.

एएमडी संत नव्हे. तिचेही फर्मवेअर बंदच आहे. म्हणून प्रश्न कंपनीच्या सौजन्याचा नसून हक्काचा आहे. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणाऱ्यांनी ‘वापरेल त्याचे यंत्र’ असेही म्हटले पाहिजे. विद्यापीठे व सरकारी कार्यालये जनतेच्या पैशाने कार्डे घेतात. ज्यांचे मोजमाप व नियंत्रण मुक्त ड्रायव्हरने होऊ शकते तीच कार्डे घ्यावीत, अशी अट निविदेत घालण्याचा आग्रह कार्यकर्त्यांनी धरावा. मक्तेदारीला विनंती कळत नाही, अट कळते.