रोटरी इंजिन परत आलं, पण स्वच्छ इंधन कुठून येणार?

इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता इंजिनाचा जमाना संपला, असं आपण रोज ऐकतो. पण जपानच्या माझदा कंपनीने २०२३ मध्ये एक जुनं इंजिन पुन्हा गाडीत बसवलं. त्याचं नाव रोटरी.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. रोटरीत तीन कोपऱ्यांचा रोटर गोल फिरतो. सुटे भाग कमी, आकार लहान, थरथर कमी. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या या इंजिनाचा पहिला नमुना १९५७ मध्ये चालला आणि १९६७ मध्ये माझदाची पहिली रोटरी गाडी बाजारात आली. दोष मात्र पिच्छा सोडेनात. रोटरच्या टोकांची सील झिजायची, ऑइल जळायचं, पेट्रोलही जास्त लागायचं. २०१२ मध्ये आरएक्स-८ बंद झाली.

नव्या एमएक्स-३० मध्ये ८३० सीसीचं रोटरी इंजिन चाकं फिरवत नाही, ते फक्त जनरेटरचं काम करतं. पूर्ण चार्जवर गाडी सुमारे ८५ किलोमीटर जाते, पुढे इंजिन वीज बनवतं. अमेरिकेच्या लिक्विडपिस्टन कंपनीने तर सील रोटरवरून काढून बाहेरच्या आवरणात बसवली, म्हणजे त्यांना ऑइल देणं सोपं.

पण इंजिन कितीही नवं असो, पेट्रोल जाळलं की धूर आलाच. हायड्रोजन रोटरीला मानवतो, कारण तिथे इंधन आत येण्याची आणि जळण्याची जागा वेगळी असते. माझदाने २००६ मध्ये तशा गाड्या भाड्यानेही दिल्या. मात्र आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच बनतो. गाडी स्वच्छ, कारखाना काळा!

आपल्याकडे ई-२० पेट्रोलचा वाद याच जातीचा आहे. इथेनॉलमुळे तेलाची आयात कमी होते, ऊस उत्पादकाला गिऱ्हाईक मिळतं. पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, आणि ऊस पाणी किती पितो हे मराठवाड्याला विचारा.

म्हणून आम्हाला वाटतं, ‘हे इंजिन स्वच्छ आहे का’ एवढंच विचारून भागणार नाही. इंधन कशापासून बनलं, कुणाच्या पाण्यावर बनलं, हेही विचारायला हवं.

आपल्यातली कित्येक घरं गॅरेज आणि रिक्षा-टेम्पोवर चालतात. त्यांच्या पोरांना आमचं सांगणं एकच: पाना सोडू नका, पण बॅटरी आणि वायरिंगचं काम आजच शिकायला घ्या. उद्याच्या गाडीत दोन्ही असणार आहेत.